१८० रुपयांचा पिवळा मल्टिमीटर: दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरात पुण्याच्या तापकीर गल्लीतून ८३०डी मॉडेलचा मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज, करंट आणि रेझिस्टन्स मोजायचा मीटर, घेतला, १८० रुपयांना. सगळ्यांच्या ओळखीचा तो पिवळा मीटर, मधोमध काळा गोल डायल. हा काही एका कंपनीचा नाही. दहा नावांनी विकला जातो, कधी नावाशिवायही, त्यामुळे तुमच्या हातात पडेल तो माझ्यासारखाच असेल असं नाही. आतलं मूळ मात्र एकच असतं: सर्किटवरच्या काळ्या इपॉक्सीच्या थेंबाखाली दडलेली ७१०६ जातीची चिप, जिचा आराखडा १९७० च्या दशकातला आहे. माझं काम रविवारचं. आर्डुइनो आणि ईएसपी३२ हे प्रोग्रॅम करायचे छोटे बोर्ड, लिथियम सेल, एलईडीच्या पट्ट्या, सगळं १२ व्होल्टच्या आत. पुढचं सगळं तेवढ्याच कामापुरतं समजा.

सगळे आधी विचारतात, "एवढा स्वस्त, मग बरोबर दाखवतो का?" दाखवतो, आणि अपेक्षेपेक्षा चांगलं दाखवतो. टीएल४३१ ही ठरावीक व्होल्टेज देणारी तीन पायांची चिप कुठल्याही दुकानात काही रुपयांत मिळते. तिचा रेफरन्सचा पाय कॅथोडच्या पायाला जोडायचा, ५ व्होल्टवरून १ किलोओहममधून करंट द्यायचा आणि चिपवर मोजायचं. २.४९५ व्होल्ट यायला हवेत. 'ए' ग्रेडची चिप १ टक्क्यात असते. माझ्या मीटरने २० व्होल्टच्या रेंजवर २.४९ दाखवले. १ टक्कावाले १ किलोओहमचे दहा मेटल फिल्म रेझिस्टर मोजले, तर सगळे ९९४ ते १००१ ओहममध्ये बसले. छंदाच्या कामाला याहून जास्त लागत नाही. हा मीटर चुकतो तो आकड्यात नाही, तो कसा वापरला यात.

पहिला धडा बॅटरीने दिला. मार्चमध्ये १८६५० मापाचा लिथियम सेल टीपी४०५६ च्या चार्जिंग मॉड्यूलवर चार्ज करत होतो. हे मॉड्यूल ४.२ व्होल्टला थांबतं. मीटर ४.३८ दाखवत होता. लिथियम सेल इतका वर जाणं धोक्याचं, म्हणून लगेच काढला. मॉड्यूल बदललं, तर ४.४१. दोन चांगली मॉड्यूल मी भंगारात टाकली. मग सहज एक नवा कोरा पेन्सिल सेल मोजला आणि आकडा आला १.७१. नवा अल्कलाइन सेल १.६ च्या आसपास असतो, १.७ नाही. शेजाऱ्यांचा मीटर आणून माझ्या मीटरमधली ९ व्होल्टची बॅटरी मोजली, ती ६.६ वर आली होती. बॅटरी उतरली की चिपच्या आतला रेफरन्स, म्हणजे तुलनेसाठीचा ठरलेला व्होल्टेज, खाली घसरतो. मीटर जे दाखवतो तो रेफरन्सने केलेला भागाकार असतो, आणि छेद लहान झाला की उत्तर मोठं येतं. म्हणजे उतरलेल्या बॅटरीवर मीटर बंद पडत नाही, तो जास्त दाखवायला लागतो. माझ्या मीटरवर बॅटरी संपल्याची खूण कधी उमटली नाही, आणि आपोआप बंद व्हायची सोयही नाही. आता टीएल४३१ चा तो जोड छोट्या पीसीबीच्या तुकड्यावर कायमचा सोल्डर केला आहे. दर रविवारी काम सुरू करण्याआधी पहिलं माप त्याचं.

दुसरी गोष्ट इनपुट रेझिस्टन्सची, आणि नवीन माणसाला हिच्याबद्दल कोणीच सांगत नाही. १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर ओळीत जोडून टोकांना ९ व्होल्ट द्या आणि मधल्या बिंदूवर मोजा. हिशोबाने ४.५ यायला हवेत. माझा मीटर ३.० दाखवतो. कारण डीसी व्होल्टला याचा स्वतःचा रेझिस्टन्स १ मेगाओहमच आहे. तो खालच्या रेझिस्टरला समांतर बसतो आणि तिथले १ मेगाओहम निम्मे होतात. १० मेगाओहमचा मीटर त्याच जागी ४.२८ च्या आसपास दाखवेल. सेलचा व्होल्टेज मोजायला मोठे रेझिस्टर घालून असाच डिव्हायडर, म्हणजे व्होल्टेज विभागणारी जोडी, केला असेल, तर या मीटरवर विसंबू नका. दुकानात हा प्रयोग दोन मिनिटांत होतो. मी आता कुणासाठीही मीटर घ्यायला गेलो तर खिशात ते दोन रेझिस्टर असतात.

वायरींबद्दल तक्रार आहेच. सोबत आलेल्या प्रोबच्या वायरी कडक आणि आत तांब्याचे चार तंतू. दोन्ही टोकं एकमेकांना लावली की २०० ओहमच्या रेंजवर १.१ दिसायचे. तिसऱ्या महिन्यात लाल वायर मुठीपाशी आतून तुटली. वरून धड दिसत होती, पण हात हलवला की आकडा उडायचा. त्या संध्याकाळी मी तासभर ब्रेडबोर्डवरचे जोड तपासत बसलो होतो. नंतर सिलिकॉनच्या मऊ वायरी वेगळ्या घेतल्या. त्या मीटरपेक्षा महाग पडल्या, तरी मी प्रत्येकाला हेच सांगतो: २०० रुपयांचा मीटर घेणार असाल तर वायरींचे पैसे आधी बाजूला काढा.

जोड सलग असला की वाजणारा बझर असलेलाच मीटर घ्यायचा. ८३० च्या पुढचं अक्षर बघून ठरवू नका, डायलवर बझरची खूण आहे का ते बघा. काहींवर नसते. माझा ४७ ओहमला वाजतो, १०० ला वाजत नाही. छोट्या मोटरची कॉइलही वाजते, म्हणून "वाजला म्हणजे शॉर्ट" असं धरू नये. डायोडच्या खुणेवर लाल एलईडी मंद पेटते आणि १७५० च्या आसपास मिलिव्होल्ट दिसतात, निळी आणि पांढरी या रेंजवर येतच नाहीत. आणि एक: बॅटरी चुकून एसी व्होल्टवर मोजली तर १२ चे २६ दिसू शकतात, कारण आत नुसता एक डायोड अर्धी लाट घेतो. उलटं लावलं की शून्य.

करंट मोजताना सांभाळा. सेलवर चालणाऱ्या ईएसपी३२ चा करंट मी २०० मिलिअँपिअरच्या रेंजमधून दिला, तर वायफाय सुरू होताक्षणी तो रीसेट व्हायचा. मीटरच्या शंटमध्ये (करंट मोजायच्या आतल्या रेझिस्टरमध्ये) आणि फ्यूजमध्येच व्होल्टेज पडत होता. आता ०.१ ओहमचा रेझिस्टर ओळीत घालतो आणि त्यावरचे मिलिव्होल्ट मोजतो. १० मिलिव्होल्ट म्हणजे १०० मिलिअँपिअर. १० अँपिअरच्या भोकाला फ्यूजच नाही. लाल पिन तिथे विसरून प्रोब बॅटरीला लावली तर तो सरळ शॉर्ट आहे.

जुलैच्या पावसात आकडे नाचायला लागले. मागचे दोन स्क्रू काढून डायलखालचे तांब्याचे पट्टे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले आणि मीटर पुन्हा नव्यासारखा झाला. उघडताना खाली ताट ठेवा. डायलमध्ये स्प्रिंगवर बसवलेल्या दोन बारीक गोळ्या असतात, डायल उचलला की त्या टुणकन उडतात. माझी एक कपाटाखालून चुंबकाने काढावी लागली.

२३० व्होल्टला हा मीटर मी लावत नाही, तुम्हीही लावू नका. डायलवर ७५० एसी लिहिलेलं असतं, पण आतलं संरक्षण आणि त्या पातळ वायरी बघितल्यावर माझा हात धजत नाही. घरच्या बोर्डाचं काम वायरमनचं, आणि त्याच्याकडे त्या कामाचा मीटर असतो.

मग घ्यावा का? फक्त सेल आणि ब्रेडबोर्ड असेल तर घ्या, चांगल्या वायरींसकट. ८०० ते १००० रुपये जमत असतील तर ऑटोरेंज (रेंज स्वतःच निवडणारा), १० मेगाओहमचा आणि दोन्ही करंटच्या भोकांना फ्यूज असलेला घ्या. डिस्प्लेवर किती आकडे हे शेवटी बघा. एएन८००८ हा मीटर मित्राकडे वापरला आहे. ९९९९ काउंटचा आहे, म्हणजे तिथपर्यंत आकडा दाखवतो, आणि स्लीप मोडमध्ये झोपलेल्या बोर्डाचे मायक्रोअँपिअर मोजायला मला तो फार आवडला. मी स्वतः जूनमध्ये एक साधा ऑटोरेंज घेतला.

पिवळा आता भाचीकडे आहे, ती आठवीत आहे. पहिल्याच दिवशी म्हणाली, "मामा, हा रेझिस्टर एक ओहमचा आहे." डावीकडे एकटाच १ दिसत होता. रेंज ओलांडली की हा मीटर तसाच १ दाखवतो. डायल २००० वरून २०के वर नेला आणि ९.९५ आले. तिने रंगांच्या पट्ट्या पुन्हा मोजल्या, तपकिरी, काळा, नारिंगी, आणि वहीत १० किलोओहम लिहिलं. १० अँपिअरच्या भोकावर मी चिकटपट्टी लावून दिली आहे, आणि डब्यात टीएल४३१ चा तुकडा व एक जास्तीची बॅटरी.