मानेची गादी सरकली असेल तर इथे दाखवा

मी ब्लाउज शिवते, त्यामुळे दिवसभर मान खालीच. उजव्या खांद्यापासून मधल्या बोटापर्यंत कळ जायला लागली, बोटाला सुई टोचली तरी कळेना. एमआरआयमध्ये सी ६ आणि सी ७ मणक्यांमधली गादी सरकून नस दाबल्याचं निघालं. एका सर्जननी लगेच ऑपरेशनची तारीख सुचवली. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी फिजिओथेरपी करून बघायला सांगितलं, म्हणून इंदिरानगरातल्या या क्लिनिकमध्ये गेले.

पहिल्या दिवशी मॅडमनी मशीन लावलंच नाही. टाचेला बोटं टेकवत एका रेषेत चालायला लावलं, बटणं लावून-काढून दाखवायला सांगितलं, लघवीवर ताबा आहे ना ते विचारलं. दोन्ही हातांची ताकद तपासली. "यातलं काही बिघडलं असतं किंवा हाताची ताकद कमी होत चालली असती, तर मी तुम्हाला परत सर्जनकडेच पाठवलं असतं काकू," असं स्पष्ट म्हणाल्या. कारण ही मज्जारज्जू, म्हणजे मणक्यांच्या आतून जाणारी मुख्य दोरी, दाबली गेल्याची लक्षणं; तसं असेल तर व्यायामावर वेळ घालवायचा नसतो. नुसती नस दाबली असेल तर बऱ्याच जणांची कळ काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत ऑपरेशनशिवाय उतरते. सरकलेला भाग शरीर हळूहळू शोषूनही घेतं, हे मला पहिल्यांदाच कोणीतरी नीट समजावलं.

हलकं ट्रॅक्शन, म्हणजे मान हळूच ताणून धरणं, दिलं, पण खरा भर व्यायामावर. हनुवटी आत ओढायची, खांद्याची पाती मागे जुळवायची. रात्री कळ आली की उजवा हात डोक्यावर ठेवायचा. नसेवरचा ताण कमी होतो आणि खरंच झोप लागते. मानेचा पट्टा सतत घालू दिला नाही, आणि मान कटकन मोडून देणाऱ्यांकडे अजिबात जायचं नाही अशी ताकीद दिली. मी शिवायला बसते त्याचा व्हिडिओ मागवून घेतला आणि मशीन-टेबलाच्या पायांखाली लाकडी ठोकळे लावायला सांगितले. एवढं कोण बघतं हो!

कळ गेली. बोटाचं टोक अजून थोडं बधिर आहे, त्याला वेळ लागेल म्हणतात.

क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ट्रॅक्शनचं टेबल एकच, त्यामुळे संध्याकाळी वेळ घेऊनही ताटकळावं लागतं. पॅकेजची सक्ती नाही, त्या दिवसाचे पैसे त्या दिवशी. जाताना एमआरआयचा नुसता रिपोर्ट नको, फिल्मही न्या, मॅडम स्वतः बघतात.