परीक्षणलेखनाचा ऑनलाइन कोर्स: एका धड्यासाठी तरी घ्याच

कथा, अभिनय, संगीत, छायाचित्रण आणि शेवटी तारे. सिनेमावर लिहायला शिकवणारे बहुतेक कोर्स याच रांगेने जातात. या कोर्समध्ये समीक्षेच्या वेगवेगळ्या पद्धती होत्या म्हणून घेतला, आणि पैसे एका धड्यातच वसूल झाले.

त्यात ‘सिटिझन केन’ (1941) या अमेरिकन सिनेमातला एकच प्रसंग पुन्हा पुन्हा दाखवतात. आई कागदांवर सही करतेय, वडील मागे कुरकुरताहेत आणि खिडकीबाहेर मुलगा बर्फात खेळतोय. आधी फक्त कॅमेरा बघायचा. छायाचित्रकार ग्रेग टोलंडच्या डीप फोकसमुळे जवळची आई आणि लांबचा मुलगा, दोघंही लख्ख दिसतात. कोणाकडे बघायचं ते आपण ठरवायचं. मग पैशाच्या अंगाने बघायचं: मुलाला न्यायला आलेला माणूस बँकेचा आहे, खाण आईच्या नावावर आहे. मग स्त्रीवादी अंगाने, आणि इथे मी व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा पाहिला. वडील खिडकी लावून घेतात, आई उठून ती उघडते. मालमत्ता तिची, निर्णयही तिचाच. पण मुलगा गेल्यावर ती पडद्यावर परत येतच नाही. हे सगळं मी आधी पाहिलेलं होतं, त्यावर कधी ओळ लिहावीशी वाटली नव्हती.

स्त्रीवादी समीक्षक लॉरा मल्व्हीचा सिनेमातल्या पुरुषी नजरेवरचा 1975चा निबंधही छान उलगडलाय. बेक्डेल चाचणीचं मात्र मार्कशीट करून टाकलंय. दोन बायका पुरुष सोडून दुसऱ्या कशावर एकमेकींशी बोलतात का, हा 1985च्या एका कॉमिक स्ट्रिपमधला टोमणा होता. त्या मापाने वरचा प्रसंग सरळ नापास, कारण घरात बाई एकच! या विसंगतीवर कोर्स चकार शब्द काढत नाही.

दिग्दर्शककेंद्री समीक्षेच्या धड्यात ‘सिटिझन केन’चं सगळं श्रेय दिग्दर्शक ऑर्सन वेल्सला. अहो, खुद्द वेल्सने श्रेयनामावलीत टोलंडचं नाव आपल्याच पाटीवर घेतलंय, तेवढं तरी सांगायचं! मनोविश्लेषणाचा धडा घाईत उरकलाय, सोडून दिलात तरी चालेल.

गृहपाठ तपासून मिळेल असं लिहिलंय, पण मला ‘छान प्रयत्न’ एवढंच उत्तर आलं. अभिप्रायासाठी घेणार असाल तर घेऊ नका.