स्ट्रेस मॅनेजमेंट वर्कशॉप: सकाळ बोअर, दुपार एक नंबर

गोव्यात वेर्ण्याला फार्मा कंपनीत पॅकिंगला आहे मी, आमच्या एचआरने एका ट्रेनिंगवाल्यांचं दिवसभराचं वर्कशॉप ठेवलेलं, नाव लिहीत नाही कारण थोडं वाईटपण लिहायचंय. नाईट करून आलेल्या पोरांना घरी न सोडता थेट हॉलमध्ये बसवलं, स्ट्रेस कमी करायला!

सकाळचे सर बाहेरचे. पहिलंच वाक्य, तुम्ही गोंयकार, सुशेगाद (म्हणजे निवांत) माणसं, तुम्हाला कसला स्ट्रेस. अर्धा हॉल साखळी-डिचोलीहून पहाटे कंपनीच्या बसने येणारा, कोणी हसलंपण नाही. मग पीपीटी, टाळ्या, बाजूच्याला मिठी मारा (बाजूला सुपरवायझर). श्वासाचा प्रकार तेवढा कामाचा, चार मोजत आत, चार थांबायचं, चार मोजत बाहेर, परत चार थांबायचं, ऑडिटच्या आधी मी खरंच करतो.

दुपारच्या मॅडमनी मात्र पैसे वसूल केले. कॅरासेक म्हणून एकाचं १९७९ चं मॉडेल आहे, ते फळ्यावर काढलं, एका बाजूला कामाचा लोड, दुसऱ्या बाजूला ते कसं करायचं हे ठरवायची मोकळीक, आणि लोड जास्त नि मोकळीक नाही तिथे माणूस सगळ्यात जास्त पिचतो. म्हणजे लोड मॅनेजरलाही असतो पण तो चहाला उठू शकतो, लाईनवरच्याला बदली येईपर्यंत बाथरूमलाही जाता येत नाही. इथे हॉल जागा झाला. डब्ल्यूएचओने २०१९ मध्ये बर्नआउट (कामाने पार पिचून जाणं) आयसीडी-११ या त्यांच्या आजारांच्या यादीत घेतलं तेपण आजार म्हणून नाही, नोकरीतून होणारा त्रास म्हणून, हेही सांगितलं. मग नाव न घालता चिठ्ठ्या लिहायला लावल्या, काय बदललं तर बरं वाटेल, आणि बहुतेकांनी एकच लिहिलं की शिफ्टचा रोस्टर आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर टाकू नका. आता तो आठवडाभर आधी लागतो. टार्गेट आहे तेवढंच हां.

टेली मानस या मानसिक त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६ पण त्यांनीच दिला, सरकारी, फुकट, २४ तास, मराठीत बोलता येतं, एचआरला कळेल अशी भीती असलेल्यांना बरं.

जेवण शीत-कडी आणि तळलेला बांगडा, तक्रार नाही.

पाचात साडेतीन. बोलवणार असाल तर दुपारचंच सेशन मागा आणि प्लांट हेडलापण बसवा, आमचे साहेब बांगडा खाऊन मीटिंगला गेले, चिठ्ठ्या त्यांना एचआरने नंतर वाचून दाखवल्या.