हेड ईकोचं मागवलं, ईकोचंच आलं, आणि २४,२४० रुपयांना बुडलो

जुना पार्ट फोनवरून मागवणाऱ्यांनी, त्यातही ईकोवाल्यांनी, आधी हे वाचा आणि मग जीपे उघडा.

माझी मारुती ईको व्हॅन २०१६ ची, पेट्रोल, साताऱ्यात बेकरीच्या लाइनला चालते. पाइप फुटून गाडी तापली, इंजिनाच्या हेडला, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाला, क्रॅक गेला. मिस्त्री म्हणाला नवीन महाग पडेल, जुनं चांगलं बघा. हे सगळेच करतात. मुंबईचा एक भंगारवाला सापडला, रिव्ह्यू चांगले, बोलणं गोड, "दादा ईकोचंच आहे, ॲक्सिडेंटच्या गाडीचं, डायरेक्ट बसतंय, नाही बसलं तर पैसे परत". मी "२०१६ मॉडेल" असं लिहून पाठवलं होतं, मेसेज आहे अजून. त्याचं उत्तर, "हो तेच".

आणि हेड खरंच ईकोचं निघालं हो! फक्त नव्या ईकोचं. नोव्हेंबर २०२२ मध्ये ईकोचं इंजिनच बदललं, आपल्या जुन्यांचं जी१२बी, नव्यांचं के१२एन. जुन्याला एक कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि टाइमिंग बेल्ट, नव्याला दोन कॅम, चेन, शिवाय प्रत्येक सिलिंडरला दोन-दोन इंजेक्टर. बाहेरून गाडी तीच, नाव तेच, आणि दोन्हीला बाजारात १२०० सीसीच म्हणतात, म्हणजे खोटं बोलायला जागाच जागा. मिस्त्रीने आपलं गॅस्केट (हेडखाली बसणारं पातळ सील) त्यावर ठेवलं, भोकंच जुळेनात. म्हणाला, कुणी दिलं हे.

चीड कशाची येते सांगू? त्याने मला त्या गाडीच्या आरसीचा फोटो पाठवला होता. मालकाचं नाव आणि इंजिन नंबर काळं केलेलं, कारण "पार्टीची प्रायव्हसी". पण सीसी झाकायचं राहिलं, ११९७. माझ्या आरसीवर ११९६. मी ते वाचलं होतं! वाटलं राउंड केलं असेल, एका सीसीवरून कोण भांडतं. वर भारत स्टेज ६ (प्रदूषणाचं मानक, बीएस-६) पण लिहिलेलं, माझी गाडी बीएस-४. आता सगळे शहाणे सांगतात की तिथेच थांबायचं, पण पहाटे पाव पोचवणारा माणूस आरसी भिंगाखाली धरत नाही, आणि इंजिन वेगळं आहे हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नाही. इंजिन नंबर झाकून आरसी पाठवली की समजा गडबड आहे, कारण ईकोत इंजिन कुठलं ते त्या नंबरच्या सुरुवातीलाच कळतं.

हिशोब: टोकन ८,०००, बिल्टीचा (ट्रान्सपोर्टच्या पावतीचा) फोटो आल्यावर ३,५००, ट्रान्सपोर्ट ६४०, मिस्त्रीची मजुरी २,५००, लाइन बंद पडू नये म्हणून भाड्याची गाडी ९,६००. बिल्टीच्या फोटोवर उरलेले पैसे कधीच सोडू नका, पार्सल उघडून मिस्त्रीने हात लावल्यावर सोडा. व्हॉल्व्ह कव्हर काढून व्हिडिओ मागा, कॅम मोजता येतात.

आता पुढची गंमत. पोलिसांकडे गेलो तर "माल आला ना? मग फसवणूक कसली, हा सिव्हिल मॅटर". अहो, दुसऱ्याच इंजिनाचा माल आला! दुसऱ्या टेबलावर "पैसे मुंबईला गेले, मुंबईत तक्रार करा". म्हणजे साडेअकरा हजारांसाठी मी दुकान बंद करून मुंबईला चकरा मारायच्या. ग्राहक तक्रारीची चौकशी केली तर खिडकीवरचा बाबा म्हणतो गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहकच नाही. घरी येऊन वकील मित्राला विचारलं. २०१९ च्या कायद्यात सरळ आहे, स्वतः राबून पोट भरायला घेतलेली वस्तू असेल तर तुम्ही ग्राहकच, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. हे खिडकीवर बसणाऱ्याला माहीत नसावं? की माहीत असून हाकलायचं? मी तिथं उभा असताना तो चहाचा दुसरा कप घेत होता, घाई नव्हती कुणालाच.

चॅट डिलीट करू नका, बिल्टी, यूपीआयची पावती, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ, सगळं ठेवा. पक्कं बिल मागा, त्यावर "ईको हेड" नाही, इंजिनचा कोड आणि गाडीचं साल लिहून घ्या. जो लिहून देत नाही त्याच्याकडून स्पार्क प्लगसुद्धा घेऊ नका.

ग्राहक तक्रार आता साताऱ्यातच टाकलीय. भंगारवाल्याचा शेवटचा मेसेज, "माल परत पाठवा, चेक करून बघू", आणि जाण्याचे ६४० पण मीच भरायचे.