ट्रान्सफर केस बदलल्यावर वेगाचा काटा: पिनियन, नवा सेन्सर की करेक्शन बॉक्स?

१९९७ ते २००१ मधली जीप चेरोकी, ४.० लिटर इंजिन, एनपी-२३१ ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी गिअरपेटी. बर्फ वितळवायला मीठ टाकलेल्या रस्त्यांवर वीस-पंचवीस हिवाळे काढलेल्या या गाड्या अमेरिकेत अजून पळतात. केस गेली की जंकयार्डमधून दुसरी आणायची आणि चढवायची. घोळ पहिल्या फेरीत कळतो. फोनचा जीपीएस ६० मैल म्हणत होता आणि माझा काटा ६९ वर.

कारण साधं होतं. आणलेली केस मॅन्युअल गिअरच्या चेरोकीतली, तिचा अ‍ॅक्सल रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) ३.०७. माझी ऑटोमॅटिक, ३.५५. माझा शाफ्ट दर मैलाला तितक्या प्रमाणात जास्त फिरतो, पण वेगाच्या सेन्सरला फिरवणारं पिनियन मात्र जुन्या मालकाच्या हिशोबाचं. ६० ला ३.५५ ने गुणून ३.०७ ने भागा, ६९ येतात.

काटा शून्यावरच पडून असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा सेन्सरचाच विचार करावा. तीन तारांचा हा सेन्सर पिनियनच्या एका फेऱ्याला ८ पल्स (विजेचे ठोके) देतो. तो गप्प झाला की इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये पी०५०० हा बिघाडाचा कोड येतो आणि क्रूझ कंट्रोल लागत नाही. तरी नवा घेण्याआधी कनेक्टर उघडून बघा. हिरवट गंज चढलेल्या पिना घासून साफ केल्यावर बरे झालेले सेन्सर मी पाहिले आहेत. पण काटा हलतोय आणि चुकीचं दाखवतोय, तर नवा सेन्सर म्हणजे पैसे पाण्यात. तोही तीच चूक दाखवणार.

अशा वेळी माझं मत ठाम आहे: पिनियन बदला. प्लास्टिकचं छोटं दातेदार चाक आहे ते, एका बोल्टवर निघतं. जुन्या केसमधलं चांगलं असेल तर तेच नव्या केसमध्ये घाला, फुकटात काम होतं. टायर मोठे केले असतील तर हिशोब करा. मूळ २२५/७५ आर १५ टायरचा व्यास सुमारे २८.३ इंच. ३१ इंची टायर घातले आणि पिनियन ३२ दात्यांचं असेल, तर ३२ गुणिले २८.३ भागिले ३१, म्हणजे २९ दाते हवेत. दाते कमी की पिनियन जास्त फिरतं आणि काटा वर जातो, एवढं लक्षात ठेवलं की उलटं होत नाही.

इथे घाई मात्र करू नका. सेन्सर ज्यात बसतो त्या अडॅप्टरचं भोक मधोमध नसतं. त्याच्या कडेवर दात्यांचे गट कोरलेले असतात: २६ ते ३१, ३२ ते ३८, ३९ ते ४५. तुमचा गट खाली, घड्याळातल्या सहाच्या जागी यायला हवा. ३२ वरून २९ वर आलात तर गट बदलतो, म्हणजे अडॅप्टर फिरवावंच लागतं. ते राहिलं तर पिनियन शाफ्टच्या गिअरवर नीट बसत नाही आणि दाते खाल्ले जातात. ओ-रिंगही (रबरी कडी) तेव्हाच नवी घाला, नाहीतर तिथून तेल पाझरत राहील.

करेक्शन बॉक्स तारेत जोडतात, तो पल्सची संख्या बदलून पुढे पाठवतो. टायर वारंवार बदलणाऱ्याला, किंवा हवं ते पिनियन मिळतच नाही अशाला तो सोयीचा. बाकीच्यांनी बर्फात भिजणाऱ्या गाडीत तारांचे आणखी चार जोड का वाढवावेत? जीपीएसचा वेगळा डायल अचूक असतो, पण इंजिनच्या कॉम्प्युटरला आणि क्रूझला त्याचा काही उपयोग नाही, आणि गाडीचा ओडोमीटर चुकीचाच धावत राहतो.

नव्वदच्या दशकातला शेवरले पिकअप असेल तर वरचा पिनियनचा सल्ला लागू नाही. त्यात शाफ्टवर ४० दात्यांची रिंग असते आणि दोन तारांचा सेन्सर ती नुसती वाचतो. तिथे दुरुस्ती इलेक्ट्रॉनिकच, आणि ती लांबवूही नये. इलेक्ट्रॉनिक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स त्याच सिग्नलवर गिअर बदलतो. चेरोकीच्या ऑटोमॅटिकला स्वतःचा वेगळा सेन्सर असतो, म्हणून ती काटा बंद पडला तरी गिअर टाकते.

जुनी केस परत देऊन कोअरचे पैसे (जुना भाग परत केल्यावर मिळणारी अनामत) घेणार असाल तर आधी त्यातला सेन्सर, अडॅप्टर आणि पिनियन काढून ठेवा, आणि दाते मोजून डबीवर लिहा.