टूलचं वर्णन: एक ओळ की सविस्तर?

दूरच्या सर्व्हरवरच्या फाइल्स एआय एजंटला (स्वतः पावलं ठरवून काम करणाऱ्या एआय प्रोग्रामला) द्यायच्या आहेत, तर टूलचं, म्हणजे एजंट जे वापरून फाइल वाचतो त्या फंक्शनचं, वर्णन एका ओळीत उरकू का, असं एका सहकाऱ्याने विचारलं. मी दोन्ही करून पाहिलंय.

खर्चात एक ओळ जिंकते. वर्णनं सहसा प्रत्येक विनंतीसोबत मॉडेलकडे जातात, म्हणजे लांब मजकुराचे टोकन (मजकुराचे छोटे तुकडे, ज्यांवर खर्च मोजला जातो) दर वेळी लागतात.

अचूकपणाचं गणित मात्र उलटं आहे. नुसतं 'फाइल वाचते' म्हटलं की ती सर्व्हरवरची की लॅपटॉपवरची, हे एजंटला कळणार कसं? माझ्या एजंटने '~' (होम फोल्डरचं चिन्ह) ने सुरू होणारा पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता, दिला. ते चिन्ह उलगडणं शेलचं, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामचं काम. आमच्या एसएफटीपी (दूरच्या सर्व्हरवरच्या फाइल्स सुरक्षितपणे हाताळायची पद्धत) टूलला ते जमेना. 'फाइल सापडली नाही' असं उत्तर येऊनही तो तोच पाथ पाठवत राहिला. शेवटी मी लिहिलं: 'दूरच्या सर्व्हरवरची मजकूर-फाइल वाचते. पाथ '/' पासून पूर्ण द्या. एका वेळी 200 ओळी मिळतात. फाइल न सापडल्यास आधी फोल्डरची यादी मागवा.' तेव्हा गाडी रुळावर आली.

देखभाल सविस्तर वर्णनालाच जास्त लागते. ओळींची मर्यादा 500 केली आणि वर्णनात 200 राहिलं, तर एजंट फसतो.

सुरक्षेसाठी दोन्ही सारखीच अपुरी. 'फाइल पुसू नका' लिहून भागत नाही; सर्व्हरवरच्या खात्यालाच फक्त वाचायची परवानगी द्या.

दोन-तीनच टूल्स, ठरलेला एकच फोल्डर आणि शेजारी माणूस बसलेला असेल, तर एक ओळ पुरे. एजंट एकटा चालणार असेल किंवा मिळतीजुळती टूल्स असतील, तर सविस्तरच लिहा.