‘आय लव्ह लूसी’ : सगळ्या भागांचा डीव्हीडी संच

अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर १५ ऑक्टोबर १९५१ ते ६ मे १९५७ या काळात गाजलेल्या ‘आय लव्ह लूसी’ या विनोदी मालिकेच्या १८० भागांचा डीव्हीडी संच आम्ही सोलापुरात घरी बसून पाहिला. पहिल्याच भागात नजरेत भरते ती कृष्णधवल चित्राची स्वच्छता, आणि तिचे श्रेय निर्मितीच्या वेळी घातलेल्या एका वादाला जाते. प्रायोजक फिलिप मॉरिस ही सिगारेट कंपनी होती. तिला आणि वाहिनीला मालिका न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित व्हायला हवी होती, कारण कॅलिफोर्नियातून प्रक्षेपण केल्यास पूर्वेकडच्या बहुसंख्य प्रेक्षकांना पडद्यावरून टिपलेली धूसर प्रत पाहावी लागली असती. लूसीची भूमिका करणारी ल्युसिल बॉल आणि मालिकेत तिच्या नवऱ्याची, रिकीची, भूमिका करणारा तिचा खराखुरा नवरा देसी अर्नाझ मात्र हॉलिवूड सोडायला तयार नव्हते. त्यांनी मानधनात कपात सोसून मालिका ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित केली आणि त्या बदल्यात फितींची मालकी आपल्या देसिलू कंपनीकडे ठेवली. पुनःप्रक्षेपणाचा धंदा त्या मालकीवरच उभा राहिला.

‘मेट्रोपोलिस’ या जर्मन मूकपटाचे छायाचित्रण करणाऱ्या कार्ल फ्रॉइंडने येथे तीन कॅमेरे एकाच वेळी चालवले. प्रत्येक कोनासाठी दिवे हलवणे शक्य नसल्याने त्याने वरून सर्वत्र सारखा प्रकाश सोडला. त्यामुळे लूसी स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात धावली तरी तिच्या चेहऱ्यावरचा एकही भाव हरवत नाही. समोर खरे प्रेक्षक बसलेले असत. हुतात्मा स्मृती मंदिरात नाटके पाहिलेल्या माणसाला हे लगेच जाणवेल की नट हशा ओसरेपर्यंत थांबतात आणि मगच पुढचे वाक्य टाकतात. त्या हशातून अधूनमधून ‘अं-ओ’ असा काळजीचा सूर येतो; तो ल्युसिलच्या आईचा, कारण ती चित्रीकरणाला हजर असे.

आमच्या घरी सर्वाधिक रंगला तो चॉकलेट कारखान्याचा भाग, म्हणजे १५ सप्टेंबर १९५२ चा. पट्ट्यावरून येणारी चॉकलेटे कागदात गुंडाळता गुंडाळता लूसी आणि तिची शेजारीण-मैत्रीण एथेल मागे पडतात, आणि मग ती तोंडात व टोपीत कोंबू लागतात. शेजारच्या काकू अनेक वर्षे विड्या वळतात. इंग्रजीचा गंध नसताना त्या सगळ्यांच्या आधी हसल्या आणि ‘मुकादम आली बघा’ असे म्हणाल्या. रागावलेला रिकी स्पॅनिशमध्ये घसरतो तेही आम्हांला समजावून सांगावे लागले नाही. घरात तेलुगू, दुकानात कन्नड आणि भांडणात मराठी असे आपल्या शहरात रोजच चालते.

सगळेच भाग या तोलाचे नाहीत. नवऱ्याने बायकोला गुडघ्यावर घेऊन चापट्या मारण्याचे प्रसंग आज खटकतात, आणि शेवटच्या वर्षी मंडळी खेड्यात राहायला गेल्यावर विनोदाची धार बोथट होते. उलट १९ जानेवारी १९५३ चा बाळंतपणाचा भाग अजूनही टवटवीत आहे. त्या काळी टीव्हीवर ‘गरोदर’ या अर्थाचा सरळ शब्दही उच्चारू दिला जात नव्हता, पटकथा पाद्री आणि रब्बी (ज्यू धर्मगुरू) यांच्या नजरेखालून जात, आणि तरीही हा भाग सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला. ल्युसिलचा खरा मुलगाही त्याच दिवशी जन्मला.

संचाच्या पुरवणीतील मूळ सुरुवात जरूर पाहावी. आज ओळखीचे असलेले बदामाचे चिन्ह तिच्यात नाही. सिगारेटच्या पाकिटाभोवती खेळणारी रेघांची चित्रे आहेत. नंतर रंग भरून काढलेल्या आवृत्त्या मात्र टाळाव्यात, कारण करड्या छटांसाठी बांधलेल्या नेपथ्यावर ते रंग उपरे वाटतात.

खरेदीपूर्वी एक गोष्ट तपासावी. डीव्हीडी कोणत्या भूभागातील प्लेअरवर चालेल हे तिच्या ‘रीजन’ क्रमांकावर ठरते; अमेरिकेतील डिस्क रीजन १ च्या असतात आणि आपल्याकडचे प्लेअर सहसा रीजन ५ चे, त्यामुळे सर्व रीजन चालवणारा प्लेअर लागतो. संवाद वेगवान आहेत आणि मराठी उपशीर्षके नाहीत. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना दाखवताना दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या भागापासून, म्हणजे त्या चॉकलेटांपासूनच, सुरुवात करावी.